कंपवात, सायकल आणि पावतीपुस्तक: १७ सप्टेंबरला तुळजापूरला जावं का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. इथे वाचतो रोज, लिहितो क्वचित. आज तुमचा सल्ला हवा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी लातूरचा, वय ५७, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. सहा वर्षांपूर्वी मला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. लोकांना हात थरथरताना दिसतो, पण माझा वास त्याच्या कितीतरी आधी गेला होता. शेतात हुरडा भाजत होते, सगळे काय घमघमाट सुटलाय म्हणत होते आणि मला काहीच येत नव्हतं. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. मग फळ्यावरचं अक्षर बारीक होत गेलं. मागच्या बाकावरची लेकरं म्हणायची, "सर, दिसंना."

पहिली दोन वर्षं लपवण्यात गेली. डावा हात कायम खिशात. एका लग्नात पंगतीला बसलो होतो, वरणाची वाटी हातातून सांडली. शेजारचा माणूस दुसऱ्याला हळूच म्हणाला, "मास्तर सकाळीच घेऊन आलेत." मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. त्या दिवसापासून लग्नाकार्याला जाणं बंद केलं.

सायकल कशी आली ते सांगतो. उंबऱ्यापाशी माझे पाय जमिनीला चिकटतात. मागून बायको "एक, दोन, एक, दोन" म्हणते तेव्हा सुटतात. अंगणात मुलीची जुनी सायकल पडून होती. एका सकाळी सहज टांग टाकली आणि काय सांगू, तेच पाय न अडखळता फिरायला लागले! गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. बायको दारात उभी राहून रडत होती.

पुढे रविवारी सकाळी फिरणाऱ्या एका गटात गेलो. शिंपी, बँकेतले एक जण, दोन नर्सताई, कॉलेजची दोन-तीन पोरं, असे पंधरा जण. पहिल्याच रविवारी औशाच्या रस्त्याला मी मागे पडलो. आता हे निघून गेले असतील म्हणून मान वर केली, तर सगळे एका लिंबाखाली थांबलेले. सायकली उभ्या करून गप्पा चाललेल्या, कुणी घड्याळाकडे बघत नव्हतं. मला बघून शिंपीदादा एवढंच म्हणाले, "या सर, पाणी प्या." त्या लिंबाखाली मी किती वर्षांनी माणसांत आलो होतो!

आता प्रश्न. मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन झालं की, लातूर ते तुळजापूर जायचं ठरतंय. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. वाटेतल्या गावांत निधी गोळा करायचा. खेड्यापाड्यांत असे रुग्ण आहेत की महिनाअखेरीस पैसे संपले की गोळ्या अर्ध्या करून खातात. त्यांच्या गोळ्यांसाठी हा पैसा. गटाचं म्हणणं, पावतीपुस्तक सरांच्या हातात द्यायचं आणि बॅनरवर सरांचा फोटो लावायचा, 'कंपवात असूनही सायकलवर'. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, दया गोळा करत फिरणार का?" चार दिवस झोप नाही. मी जावं का? आणि गेलो तर आजार सांगून मागावं का न सांगता?

तुरीची_शेंग

सर, वाचून गलबलून आलं. जावा तुम्ही. बाकीचं बघून घेतील लोक.

उदगीरची_लेक

काका, माझ्या वडिलांना हाच आजार आहे, अकरा वर्षं झाली. त्यांचेही पाय उंबऱ्यावरच अडतात. ते वारकरी. एकदा असेच दारात अडकले होते, आम्ही मायलेकी दोन्हीकडून ओढायलो, तर त्यांना आणखीच भीती वाटायली. माझ्या आठ वर्षांच्या लेकाने आतून टाळ आणला आणि वाजवायला लागला. बाबांनी चक्क पावलीचा पाय टाकला आणि बाहेर आले. तेव्हापासून टाळ दारामागच्या खिळ्याला आहे. ज्यांच्या घरी कुणी अडकतं त्यांनी ओढू नका, ताल द्या. फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या तरी त्या ओलांडायच्या म्हणून पाय उचलला जातो.

ओपीडी_संपली

सर, मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पण असे रुग्ण रोज बघतो, म्हणून थोडं लिहितो.

तुमच्या अंगणात जे झालं त्याची वैद्यकीय साहित्यात नोंद आहे. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत छापली. दहा वर्षांचा आजार, दोन पावलं टाकली की अडकून पडायचा. तोच माणूस सायकलवर बसवला तर सरळ चालवत गेला, वळून परत आला आणि उतरल्यावर पुन्हा अडकला. एक कारण असं मानतात की पायडल स्वतःच पायाला ताल देतं. एक खाली गेलं की दुसरं वर येणारच. उदगीरच्या ताईंच्या टाळाचं काम तिथे पायडल करतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. २००३ मध्ये जे अल्बर्ट्स नावाचे संशोधक आयोवा राज्य ओलांडणाऱ्या सायकलफेरीत गेले. टँडमवर, म्हणजे दोघांनी पायडल मारायच्या सायकलवर. मागे पार्किन्सन्स असलेली बाई. पुढच्याच्या वेगाने तिलाही जोरात पाय फिरवावे लागले, आणि काही दिवसांत तिचं अक्षर सुधारलेलं दिसलं. त्यावरून त्यांनी पुढे अभ्यास केला. रुग्णाला मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांपर्यंत पाय फिरवायला लावले, आठवडाभरात तीनदा, असे आठ आठवडे. हालचालींच्या तपासणीत सुमारे ३५ टक्के सुधारणा दिसली. रुग्ण मोजकेच होते, हे ध्यानात ठेवा. शिवाय व्यायाम थांबवला की फायदाही ओसरत जातो. आजार बरा होत नाही. डोपामाइन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारं मेंदूतलं रसायन, तयार करणाऱ्या पेशी लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. त्या सायकलने परत येत नाहीत. पण उरलेल्यांवर माणूस किती चांगला जगतो यात व्यायामाचा वाटा फार मोठा आहे, हे मी डोळ्यांनी बघतो.

आता काळजीचं. चालवताना तुम्ही ठीक असाल, धोका चढता-उतरताना आहे. उतरायला उंच कडेची जागा निवडा, सायकल तिच्याकडे तिरकी करा, कुणीतरी शेजारी हवंच. गोळीचा असर उतरायची वेळ तुम्हाला माहीत असेल, त्या अर्ध्या तासात रस्त्यावर राहू नका. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूर्ण अंतर ठरवू नका.

बालाघाट

मी वेगळं बोलतो, राग मानू नका.

९३ च्या भूकंपाच्या वेळी मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. घरातली तीन माणसं गेली. मदत खूप आली, ती नसती तर आम्ही जगलो नसतो, हे आधी सांगतो. पण एक दिवस एक गाडी आली, मला ब्लँकेट दिलं आणि फोटो नीट आला नाही म्हणून ते परत घेतलं. पुन्हा दिलं, पुन्हा फोटो. तिसऱ्यांदा मी हात पुढे केला नाही तर आजीने माझा हात धरून पुढे केला. तिला ब्लँकेट हवं होतं ना.

आज चाळिशी उलटली तरी तो हात विसरत नाही. सर, सायकल चालवा, पैसे मागा, मी स्वतः देतो. पण बॅनरवर फोटो नको. तुमचा मुलगा बरोबर बोलतोय.

ज्वारीचं_कणीस

बालाघाटभाऊ, तुमचं दुःख समजतं. पण सर स्वतःहून सांगणार आहेत, त्यांच्या हाती कुणी ब्लँकेट देत नाही. फरक आहे. लोकांना आजार माहीतच नसेल तर पंगतीतला तो माणूस उद्याही तेच बोलेल.

बालाघाट

सांगायला माझी ना नाही. तोंडाने सांगावं, ज्याला सांगायचं त्याला. बॅनर सगळ्यांना सांगतो आणि उत्तर कुणाचंच ऐकत नाही.

मांजराकाठ

भाऊ, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. दोघंही बराच वेळ बोललो नाही. बॅनरचं मी गटात बोलतो.

गोदाकाठचा

ऊस-ट्रॅक्टरचं काय? आमच्याकडे दोन ट्रॉल्या जोडून येतात, मागे लाल दिवा नाही, काही नाही. सरांना तेवढं जपा.

तुरीची_शेंग

सप्टेंबरात कुठला ऊस रस्त्यावर? फडात उभा असतो अजून, गाळप दिवाळीच्या पुढेमागे सुरू होतं. त्या रस्त्याला खरी भीती उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींची. महामार्ग चौपदरी झाल्यापासून वळसा नको म्हणून सगळे तसेच घुसतात.

खवय्या_परभणी

औसा ओलांडून तुळजापूरकडे जाताय आणि उजनीच्या बासुंदीचं अजून कुणी नाव काढलं नाही! वाटेतच आहे. सर, दोन वाट्या माझ्या नावाने घ्या, ऑनलाइन पैसे पाठवतो. निधीत वेगळे, बासुंदीचे वेगळे.

ओपीडी_संपली

बासुंदी जरूर घ्या, पण वेळ पाळा. लेव्होडोपाची गोळी, म्हणजे कंपवाताची नेहमीची गोळी, आणि दुधा-डाळीतली प्रथिनं आतड्यात एकाच दाराने आत जातात. दोन्ही एकदम आली की गोळी मागे राहते आणि हातपाय जड पडतात. गोळी आधी, निदान अर्धा-पाऊण तासाने बासुंदी.

खवय्या_परभणी

म्हणजे दारात गर्दी झाली तर बासुंदी दादागिरी करून आधी घुसते. आमच्या घरीही तसंच आहे डॉक्टर!

रानवेडा

सर, गोळ्या सोडून कवचबीज सुरू करा. खाजकुयलीचं बी. आमच्या मामांनी घेतलं, हात थांबला.

ओपीडी_संपली

रानवेडा, कवचबीजात नैसर्गिक लेव्होडोपा असतो, हे खरं. आयुर्वेदात कंपवातासाठी ते वापरतातही. पण म्हणूनच ते गोळीच्या जोडीला स्वतःच्या मनाने घेऊ नये. मात्रा वाढून अंग आपोआप वळवळायला लागतं, पित्त उसळतं, भ्रम होतो. आणि गोळ्या एकाएकी बंद करणं जिवावर बेतू शकतं. "गोळ्या सोडा" हे वाक्य कुणालाही लिहू नका, कळकळीची विनंती.

रानवेडा

समजलं डॉक्टर. मामा गोळ्याही घेतात का ते आजच विचारतो.

पंप_पंक्चर

सायकलवाल्यांसाठी एक नाव: डेव्हिस फिनी. अमेरिकन शर्यतपटू, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक, टूर द फ्रान्समध्ये दोन टप्पे जिंकलेला. चाळिशीत त्याला पार्किन्सन्स झाला. २००४ मध्ये त्याने संस्था काढली, या आजाराच्या लोकांनी आज चांगलं कसं जगावं यासाठी. तिथल्या सायकलफेऱ्यांत लोक निधी जमवतात.

आणि टँडम पाहिजे असेल तर परदेशातून मागवायची गरज नाही. आमच्याकडे एका वेल्डिंगवाल्याने दोन जुन्या सायकलींची एक करून दिली आहे. चेनचा ताण जमेना म्हणून तीनदा खोलली, आता झकास पळते. १७ तारखेपर्यंत लातूरला पोहोचवतो, सरांना दमल्यासारखं वाटलं तर मागे बसतील. बसतील म्हणजे पायडल मारतील, डबलसीट नव्हे!

हिशोबनीस

कामाचं बोलतो. वर्गणी जाहीर गोळा करणार आणि संस्थेची नोंदणी नसेल तर गणेश मंडळं घेतात तशी तात्पुरती परवानगी धर्मादाय कार्यालयातून आधी काढा. पावत्यांना क्रमांक टाका, आकडे इथे जाहीर करा. रुग्णाला रोख देऊ नका, औषध दुकानात त्याच्या चिठ्ठीवर पैसे जमा करा. लोक एकदा देतात ते माणसाकडे बघून, दुसऱ्यांदा देतात ते हिशोब बघून.

जाईची_वेल

मी पहिल्यांदा लिहितेय. लिहून तीनदा पुसलं.

मी बीड जिल्ह्यातली. वय ४४. दीड वर्षापूर्वी मलाही हेच निघालं. "एवढ्या कमी वयात नसतं हे" म्हणून एका डॉक्टरांनी आधी मनाचा आजार सांगितला होता. घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना वाटतं मी कामचुकार झाले, कारण भाकरी थापताना डावा हात मागे राहतो, भाकरी एका बाजूला जाड होते. पहिली भाकरी मीच खाऊन टाकते म्हणजे कुणाला दिसत नाही.

सर, तुमच्या लिंबाखालच्या ओळी मी किती वेळा वाचल्या. मला विचारायचंय की तुमच्या गटात बायका किती आहेत? मला लहानपणी सायकल येत होती.

उदगीरची_लेक

ताई, पहिलं म्हणजे, उद्यापासून जाड भाकरी लपवून खाऊ नका. तुमचा त्रास खरा आहे.

मांजराकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. गटात पाच बायका आहेत, त्यातल्या दोघी नर्सताई. १७ ला तुम्ही औशाला या, सायकल न चालवता नुसत्या या. लिंब दाखवतो.

मंडळी, मला माझं उत्तर सापडलं बहुतेक. पावतीपुस्तक घेतो. बॅनर रद्द केला.

ओपीडी_संपली

जाईताई, चाळिशीत आणि त्याच्याही आधी हा आजार होतो, अशांवर वेगळं लक्ष द्यावं लागतं, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडे नियमित जा. रस्त्यावर भीती वाटली तर घरातली जागची सायकलही चालते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र भेटतात, त्यांच्याशी बोला. सासूबाईंना कुणी तिऱ्हाईताने समजावलं तर लवकर पटतं, नवऱ्याला आणि त्यांना घेऊन एकदा तुमच्या डॉक्टरांसमोर बसा.

पंप_पंक्चर

१७ झाली. वृत्तांत कुठाय सर? ताटकळलोय.

मांजराकाठ

उशीर झाला, माफ करा. दोन दिवस नुसता झोपलो.

शाळेत झेंडावंदन करून निघालो. आभाळ भरलेलं, सोयाबीन शेंगांवर आलेलं, रस्त्याच्या कडेची काळी माती टायरला चिकटत होती. औशापर्यंत मी माझ्या सायकलवर गेलो. पुढे पंप_पंक्चर भाऊंच्या टँडमवर मागे. ते असे पळवतात की माझे पाय मला विचारत नव्हते! मधले चढ टेम्पोतून केले, डॉक्टरांना शब्द दिला होता तसा. तुळजापूर दिसायला लागल्यावर पुन्हा माझी सायकल घेतली.

पावत्यांचं सांगतो. पहिली पावती मोठ्या अक्षरात. पाचवीपर्यंत अक्षर मुंग्यांएवढं झालं, नाव वाचता येईना. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "द्या सर, तुम्ही बोला, मी लिहिते." जाईताई होत्या. नवऱ्यासोबत मोटारसायकलवर आल्या होत्या. मग पूर्ण दिवस मी मागायचं आणि त्यांनी लिहायचं. त्यांचा उजवा हात पक्का आहे, पावत्या बघा, छापल्यासारख्या.

एका चहाच्या टपरीवर थांबलो. नेहमीसारखं सांगितलं, मला कंपवात आहे, हात हलतो तो त्याने, ज्यांना गोळ्या परवडत नाहीत त्यांच्यासाठी मागतोय. बाकावर एक धोतरवाले बाबा बसले होते, सत्तरीचे असतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात माझ्यासमोर धरला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती, गोळी वळल्यासारखी. म्हणाले, "माझा बी हालतो, मास्तर. पन मी पीत न्हाई हो." तिथल्या चार माणसांनी माना खाली घातल्या. बाबांनी कोपरीतून वीस रुपये काढले, मी नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. पावती क्रमांक ६३. त्यांना कुठे न्यायचं ते नर्सताईंनी लिहून दिलंय, येत्या मंगळवारी शिंपीदादा त्यांना घेऊन जाणार आहेत.

एकूण ४१,३५० रुपये जमले. पावत्यांचे आकडे हिशोबनीसांकडे दिलेत, ते इथे टाकतील. मुलाने दिवसभरात तीनदा फोन केला, "कुठवर आलात" एवढंच. त्याला अजून पटलेलं नाही. दिवाळीला येईल तेव्हा बोलू.

बासुंदी गोळीनंतर पाऊण तासाने खाल्ली. दोन वाट्या.

बालाघाट

सर, टपरीवरची गोष्ट वाचून मी ऑफिसातून बाहेर येऊन उभा राहिलो. पुढच्या फेरीत मी येणार. पाण्याची गाडी माझी.

हिशोबनीस

पावती १ ते ११२ तपासल्या, बेरीज जुळते. क्रमांक ४ आणि ५ वरचं नाव खरंच वाचता येत नाही, सरांनी तोंडी सांगितलं ते लिहिलंय.

जाईची_वेल

सर्वांना नमस्कार. सासूबाईंना परवा सांगितलं. आधी काही बोलल्या नाहीत. आज सकाळी परातीजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू भाज, मी थापते."

अंबाजोगाईला रविवारी चौघी-पाचजणी सायकल चालवतात असं कळलंय. येत्या रविवारी जाऊन बघणार आहे. एक विचारायचं होतं. ट्रॅक पँट घालावीच लागते का? मला सलवारची सवय आहे.

नर्सताई_लातूर

सलवार चालते ताई, मीही तीच घालते. फक्त उजव्या पायाला कपडे वाळवायचा चिमटा लावा, नाहीतर चेनमध्ये अडकते. आणि पहिल्या दिवशी सीट थोडी खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.